नाव कुणाचंच छापू नका, आकडा मात्र छापा

पत्र

सप्रेम नमस्कार,

आम्ही मूळचे नाशिकचे. बरीच वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहतो. मुलगा आता हायस्कूलला दहावीत आहे. नववीत असताना, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, त्याच्या बॅकपॅकच्या बाजूच्या कप्प्यात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलं. शिस्तीचं बघणाऱ्या डीननी त्याला ऑफिसात बसवलं, शाळेत नेमलेल्या पोलीस ऑफिसरला बोलावलं आणि त्याने तिथेच दंडाचं तिकीट फाडून हातात दिलं. मला फोन आला तोवर सगळं उरकलं होतं.

मे महिन्यात व्हिलेज हॉलमध्ये, म्हणजे गावाच्या पालिकेच्या कचेरीत, संध्याकाळी हिअरिंग (सुनावणी) झालं. कुणी अंगणातलं गवत वाढू दिलं म्हणून आलेलं, कुणी चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून. त्या सगळ्यांमध्ये आम्ही तिघं. मुलाचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. पाच मिनिटांत निकाल, अडीचशे डॉलर दंड. आम्ही तो भरला आणि कुणाजवळ अक्षर काढलं नाही. पुण्याला सासऱ्यांनाही सांगितलेलं नाही. ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यामुळे ती धाकधूक वेगळीच.

आता नवीन विषय निघालाय. कोणत्या शाळेतून किती मुलांना पोलिसांकडे पाठवलं, किती तिकिटं फाडली, किती अटका झाल्या, हे गेल्या तीन वर्षांचे आकडे वंश आणि इयत्तेनुसार वेबसाइटवर टाकायचे असा आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) प्रस्ताव आहे. नोव्हेंबरच्या सभेत त्यावर मतदान आहे. आमच्या भारतीय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याविरुद्ध पिटिशन फिरतंय. शाळेचं नाव खराब होईल, घरांच्या किमती उतरतील आणि मुळात हा आपल्या मुलांचा प्रश्नच नाही, असं त्यात लिहिलंय. शेजारची मैत्रीण रोज विचारते, "सही केलीस का?" नवरा म्हणतो, कर आणि मोकळी हो.

माझं मन होत नाही. पण भीतीही वाटते. त्या तक्त्यात ‘आशियाई – १’ असं छापलं, तर तो एक कोण हे इथल्या मराठी मंडळात चार दिवसांत सगळ्यांना कळेल. सही करू का? की सभेत जाऊन आकड्यांच्या बाजूने बोलू? बोलायचं तर आमची गोष्ट सांगावीच लागेल ना?

— एक आई, इलिनॉय

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

सही करू नका. सभेत बोला किंवा बोलू नका, ते तुमच्या तब्येतीवर आणि धीरावर सोडते. पण बोललात तरी मुलाची गोष्ट सांगायची गरज नाही. आकडे जाहीर करायचे असतात ते याचसाठी. आकडा समोर असला की एखाद्या आईला माइकपुढे उभं राहून आपल्या पोराची कहाणी ऐकवावी लागत नाही. आकडे नसले की मात्र कुणाला तरी बळी जावं लागतं. कुणीतरी रडत सांगतं, मग डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचे सदस्य म्हणतात, "हा एखाददुसरा प्रसंग आहे."

आधी त्या ‘आशियाई – १’ बद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली ती भीती सगळ्यांत खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. अमेरिकेत १९७४ पासून फेर्पा नावाचा केंद्रीय कायदा विद्यार्थ्यांची माहिती जपतो. त्यात नुसतं नाव झाकून भागत नाही. शाळेच्या परिसरातल्या एखाद्या सामान्य माणसाला, ज्याला त्या घटनेची आधी काही माहिती नाही, त्यालासुद्धा इकडचं तिकडे जोडून मूल ओळखता येत असेल, तर तशी माहितीही झाकावी लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी छोटा आकडा छापतच नाहीत, साधारण दहाच्या खालचा असेल तर तिथे फक्त तारा काढतात.

पण तारा काढून काम झालं असं समजू नका. समजा तुमच्या शाळेचा तक्ता असा आला: गोरे १४, काळे १६, आशियाई तारा, एकूण ३१. चौथीतलं पोरही वजाबाकी करून सांगेल की ताऱ्याखाली १ आहे. असं होऊ नये म्हणून आणखी एका गटावर तारा काढावा लागतो, म्हणजे वजाबाकी जमत नाही. किंवा तीन वर्षं एकत्र करून एकच आकडा द्यायचा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वंश आणि इयत्ता एकाच तक्त्यात आडवे-उभे घालायचे नाहीत. वंशाचा तक्ता वेगळा, इयत्तेचा वेगळा. ‘नववीतले आशियाई मुलगे’ असा चौकोन तयार झाला की त्यात एकच पोर उरणार, हे उघड आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टचा प्रस्ताव ‘वंश आणि इयत्तेनुसार’ असं म्हणतो, तर नेमकं हेच विचारा. आजच ईमेल लिहा. या ईमेलमध्ये तुम्ही कोण, तुमच्या मुलाचं काय झालं, यातलं काही लिहावं लागत नाही. ‘लहान गटांची ओळख कशी झाकणार आहात?’ हा प्रश्न कुठलाही पालक विचारू शकतो.

आणि एक गोष्ट शांतपणे आठवून पाहा. तुमच्या मुलाचं नाव उघड झालं ते कुठे? व्हिलेज हॉलमध्ये, परक्या लोकांनी भरलेल्या खोलीत, मोठ्या आवाजात. ते करताना कुणी फेर्पाची आठवण काढली नाही, शाळेच्या अब्रूची काळजी केली नाही. पंधरा वर्षांच्या पोराला गवत न कापणाऱ्यांच्या रांगेत बसवलं, तेव्हा ग्रुपवर कुणी पिटिशन काढलं नव्हतं. आता जे छापलं जाणार आहे त्यात नाव नाही, चेहरा नाही. तिथे उघडी पडते ती शाळेची पद्धत.

तुम्हाला वाटत असेल की तुमच्यासारखं घर एखादंच. इलिनॉयमध्ये अशा आया हजारोंनी आहेत आणि आपल्याशिवाय हे कुणाच्या वाट्याला आलं नसावं, असं त्यांतल्या बहुतेकींना वाटतं. २०२२ साली प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि शिकागो ट्रिब्यून हे वृत्तपत्र यांच्या पत्रकारांनी शाळा आणि पोलीस खात्यांकडे माहितीचे अर्ज करकरून हिशेब जुळवला. तीन शालेय वर्षांत शाळकरी मुलांवर जवळजवळ ११,८०० तिकिटं फाडली गेली होती. त्या तीन वर्षांत करोनामुळे शाळा कितीतरी महिने बंद होत्या, हेही लक्षात घ्या. व्हेप, भांडण, शिवीगाळ, वर्गाला दांडी. एकेका तिकिटाचा दंड ७५० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. काळ्या मुलांना तिकीट मिळण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या दुप्पट होतं.

यातली मेख अशी की शाळेने शिस्तीसाठी मुलांना दंड करू नये, असा कायदा इलिनॉयने आधीच, २०१५ साली, केला होता. शाळांनी तो शब्दशः पाळला. स्वतः दंड केला नाही, पोलिसाला हाक मारली आणि त्याच्याकडून तिकीट फाडून घेतलं. तुमच्या डीननी जे केलं ते हेच. अशा तिकिटाचा निकाल बहुधा गावाच्या सुनावणीत लागतो. तिथे मुलाच्या बाजूने लढायला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आणि गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही, ‘बहुधा केलं असावं’ एवढ्यावर निकाल लागतो. तुमचा पाच मिनिटांत लागला, त्याचं मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

शिकागोजवळच्याच एका उपनगरात एका शाळकरी मुलीवर दुसऱ्या मुलीचे इअरफोन चोरल्याचं तिकीट फाडलं होतं. ती म्हणत होती, चुकून उचलले. तिने दंड भरायला नकार दिला, तीन वर्षांहून जास्त झगडली आणि २०२३ साली ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला. सगळ्यांना असं झगडता येत नाही. तुम्ही दंड भरून मोकळ्या झालात, यात मला तुमची काही चूक दिसत नाही. त्या खोलीत बसलेल्या कुठल्याही आईला पोराला हाताला धरून लवकर बाहेर न्यावंसंच वाटेल.

त्या हिशेबातून पुढे काय निघालं, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयचे गव्हर्नर प्रित्झकर यांनी नव्या कायद्यावर सही केली. आता शिस्तीच्या किरकोळ बाबींसाठी शाळेने पोलिसांकरवी मुलांवर तिकिटं फाडून घ्यायची नाहीत. शाळेतून पोलिसांकडे किती मुलं गेली याचा हिशेब राज्याच्या शिक्षण मंडळाला द्यायचा, वंश, लिंग आणि अपंगत्व यांनुसार, आणि मंडळाने तो जाहीर करायचा. म्हणजे तुमच्या ग्रुपवरचं पिटिशन यशस्वी झालं तरी पुढचे आकडे आज ना उद्या बाहेर येणारच आहेत. डिस्ट्रिक्ट ते आधी आणि मागच्या तीन वर्षांसकट द्यायला निघालंय, एवढाच फरक. माझ्या मते तो फरक मोठा आहे, कारण तुमच्या मुलाचं तिकीट त्या मागच्या वर्षांत आहे. नव्या कायद्यानंतर ते फाडलं गेलं नसतं. ते फाडलं गेलं होतं, याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये हीच लढाई याआधी झाली. तिथे १९९८ साली शाळांची सुरक्षा शहराच्या पोलीस खात्याकडे सोपवली गेली. पुढची बारा-तेरा वर्षं शाळेच्या आवारात पोलीस मुलांशी कसे वागतात, याचा हिशेब पालकांपुढे कुणी मांडत नव्हतं. पालक आणि विद्यार्थ्यांनी रेटा लावला तेव्हा शहराने स्टुडंट सेफ्टी अ‍ॅक्ट केला, जो २०११ मध्ये आला. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण शालेय वर्षात, २०११-१२ मध्ये, ८८२ अटका दिसल्या, म्हणजे शाळेच्या दर दिवशी चारांहून जास्त. त्यांत काळी आणि लॅटिनो मुलं ९५ टक्क्यांच्या वर होती. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या आकड्यांत फक्त शाळांसाठी नेमलेल्या पोलिसांनी केलेल्या अटका आहेत. बाहेरच्या चौकीतून आलेल्या पोलिसाने अटक केली तर ती मोजलीच जात नव्हती, आणि मुलाला नुसत्या बेड्या घालून बसवलं तर त्याचीही नोंद नव्हती. म्हणून २०१५ साली कायदा दुरुस्त करून या दोन्ही गोष्टी त्यात घातल्या. आकडे आले नसते तर त्यांतल्या पळवाटा तरी कुणाला दिसल्या असत्या?

आता पिटिशनमधलं पहिलं कारण: शाळेचं नाव खराब होईल. यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. जी शाळा प्रामाणिकपणे मोजते ती वाईट दिसते आणि जी मोजतच नाही ती शेजारी बसून सोवळी ठरते. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे काल्पनिक नाही. केंद्राचं शिक्षण खातं १९६८ पासून देशभरातल्या शाळांकडून नागरी हक्कांची माहिती गोळा करतं आणि २००९-१० पासून त्यात अटका आणि पोलिसांकडे पाठवलेली मुलं हेही विचारतं. २०१५-१६ च्या त्या माहितीत देशातल्या सर्वांत मोठ्या डिस्ट्रिक्टपैकी साठ टक्क्यांहून जास्त डिस्ट्रिक्टनी अटकांच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. त्यांत न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसही होती! हे तेच न्यूयॉर्क, जिथे पोलीस शहराच्या कायद्यानुसार दर तिमाहीला अटकांचे आकडे देत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० साली हे दाखवून दिलं.

म्हणून आकडे नकोत म्हणण्यापेक्षा ते पुरे मागा. तुमच्या सभेत याचाच आग्रह धरावा असं मला वाटतं. केंद्राच्या व्याख्येत ‘पोलिसांकडे पाठवलं’ याचा अर्थ शाळेतल्या, शाळेच्या बसमधल्या किंवा शाळेच्या कार्यक्रमातल्या प्रसंगावरून मुलाची खबर कुठल्याही पोलिसाला दिली, पुढे काही कारवाई झाली असो वा नसो. तिकीटही त्यातच येतं. शाळेत नेमलेला ऑफिसर म्हणजे ‘आमचाच माणूस’, म्हणून त्याच्याकडे गेलेली बाब मोजायची नाही, असं चालत नाही. तुमचं डिस्ट्रिक्ट हीच व्याख्या वापरणार आहे का, हे विचारा. कारण काय होतं तेही छापा म्हणा: व्हेप, मारामारी, शस्त्र, अमली पदार्थ. चाकू आणला म्हणून पोलीस आले आणि बाथरूममध्ये व्हेप सापडलं म्हणून आले, या दोन गोष्टी एकाच आकड्यात दडल्या तर शाळेवरही अन्याय होतो आणि मुलांवरही. कारणं छापली की ‘आमची शाळा गुंडांची दिसेल’ ही भीती बरीचशी निवते.

शाळेच्या आकड्यांवर भरवसा नसेल तर दुसऱ्या बाजूने पडताळता येतं. कोलोरॅडोने २०१५ साली कायदा करून शाळांमधल्या कारवाईचे आकडे थेट पोलिसांकडूनही मागवायला सुरुवात केली. तुमच्याकडे तसं नसलं, तरी इलिनॉयच्या माहिती अधिकार कायद्याखाली गावाच्या पोलीस खात्याला कुणीही ईमेल करू शकतं: ‘अमुक शाळेच्या पत्त्यावर, अमुक तारखांमध्ये, अल्पवयीन मुलांवर किती तिकिटं फाडली? नावं नकोत.’ पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर ते थोडी मुदत वाढवून घेतात. नाव-पत्ता द्यायला संकोच वाटत असेल तर हा अर्ज एखाद्या स्थानिक पालक संघटनेला करायला सांगा.

केंद्राकडे बघत बसू नका. ती माहिती एरवीही तीन-तीन वर्षं उशिरा येते. २०१७-१८ ची २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आली, तोवर त्या वर्षीची दहावीतली मुलं शाळा सोडून गेली होती. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये ही माहिती गोळा करणाऱ्या, शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाची बारापैकी सात विभागीय केंद्रं बंद करण्याचा निर्णय झाला, त्यांत शिकागोचंही आहे. तुमच्या मुलाच्या शाळेबद्दल तुम्हाला वेळेत काही कळायचं असेल, तर ते तुमच्या बोर्डाकडूनच कळेल.

घरांच्या किमतींबद्दल मी फार लिहीत नाही. घर घेणारे लोक शाळेचे मार्क बघतात, कॉलेजला किती गेले ते बघतात. तिकिटांचा तक्ता बघून कुणी घर नाकारलं, तर ते कुटुंब नेमका हवा तोच प्रश्न विचारतंय असं मी म्हणेन.

पिटिशनमधलं शेवटचं वाक्य मात्र मला अस्वस्थ करतं. ‘हा आपल्या मुलांचा प्रश्नच नाही.’ ताई, ज्या ग्रुपवर हे लिहिलं गेलं तिथे तुम्ही होतात, तुमच्या मुलाचं तिकीट घरात ड्रॉवरमध्ये होतं, आणि तुम्हाला गप्प बसावं लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या ग्रुपवर तुमच्यासारख्या आणखी दोघीतिघी असतील, एकमेकींना माहीत नसलेल्या. आणि नसल्या तरी? २०१५-१६ मध्ये देशभरात २,९०,००० हून जास्त मुलं पोलिसांकडे पाठवली गेली किंवा शाळेत पकडली गेली. एकूण विद्यार्थ्यांत काळी मुलं १५ टक्के होती, या मुलांमध्ये ३१ टक्के. अपंगत्वामुळे विशेष शिक्षण घेणारी मुलं एकूण १२ टक्के, या मुलांमध्ये २८ टक्के. आपल्या मंडळांतही ऑटिझम असलेली, आयईपी (विशेष शिक्षणाचा वैयक्तिक आराखडा) असलेली मुलं आहेत. गणपतीत मागच्या रांगेत कानांवर हात ठेवून बसलेला एखादा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. वर्गात गोंगाट असह्य होऊन त्याने बाक ढकललं आणि समोर पोलीस उभा राहिला, तर? त्याच्या आईला या आकड्यांची गरज आहे. रस्त्यापलीकडच्या काळ्या मुलाच्या आईलाही आहे, आणि ती आपल्या मंडळात येत नाही म्हणून तिची गरज कमी होत नाही. आपण या देशात शाळा बघून घर घेतो. त्या शाळेत शेजारच्या पोराला कसं वागवतात, हे कळू न देण्यासाठी सही करणं मला पटत नाही.

आता घरातलं. सभेच्या आधी मुलाशी बोला. ‘असे आकडे छापायचा विचार चाललाय, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत, तुझं नाव कुठेही येणार नाही,’ एवढं सांगा आणि त्याला काय वाटतं ते ऐका. तो कदाचित म्हणेल की मला फरक पडत नाही. कदाचित पहिल्यांदाच सांगेल की त्या खोलीत नाव पुकारलं तेव्हा काय वाटलं. ही घटना त्याच्या आयुष्यातली आहे. ती कधी, कुणाला, किती सांगायची हे त्याचं त्यानं ठरवावं, आणि त्यात आजोबाही आले. सासऱ्यांपासून लपवलं म्हणून तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आजोबांना कळावं असं मुलाला वाटलं तर तो सांगेल. ‘पोलीस’ म्हटल्यावर ते घाबरतील खरे, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडची चौकी येणार. तेव्हा हे गावाच्या नियमाखालचं दंडाचं तिकीट होतं, अटक नव्हती, हे आधी सांगा.

व्हेपकडेही बघायला हवं, दंड भरला म्हणजे ते सुटलं असं नाही. त्यात निकोटिन असेल तर पंधराव्या वर्षी त्याची सवय फार लवकर लागते. एकदा डॉक्टरकडे न्या आणि आत जाऊन त्याला एकट्याला बोलू द्या.

ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर तिकीट, हिअरिंगचा निकाल आणि दंड भरल्याची पावती, तिन्ही कागद जपून ठेवा. उद्या त्याचा ग्रीन कार्डाचा आय-४८५ अर्ज भरताना अटक, साइटेशन (म्हणजे असं तिकीट) यांबद्दल सरळ प्रश्न असतो. किरकोळ होतं म्हणून ‘नाही’वर खूण करू नका. गावाच्या नियमाखालचं व्हेपचं तिकीट घाबरण्याचं कारण असतं असं मला वाटत नाही, पण न सांगितलेली गोष्ट पुढे अडचणीत आणते. आता वकिलाचा तासभर वेळ घ्या आणि काय, कसं लिहायचं ते त्यांच्याकडून समजून घ्या. ग्रुपवर विचारू नका. कॉलेजबद्दल थोडा दिलासा आहे. अनेक कॉलेजांना एकच अर्ज करता येतो त्या कॉमन अ‍ॅपने गुन्ह्याबद्दलचा प्रश्न २०१९ पासून आणि शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न २०२१ पासून आपल्या मुख्य अर्जातून काढून टाकला आहे. एखादं कॉलेज स्वतः विचारू शकतं, तेवढं बघून घ्या.

नवऱ्याला ‘मोकळी हो’ म्हणावंसं वाटतं, कारण त्याही माणसाला ती संध्याकाळ विसरायची आहे. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला तो ३१ चा तक्ता कागदावर काढून दाखवा आणि मुलाची ओळख कशी झाकता येते ते समजावा. माझा अंदाज आहे, त्याची निम्मी भीती तीच आहे. मैत्रिणीला एवढंच सांगा की मी वाचलं, मला पटलं नाही, म्हणून सही करत नाही. कारण विचारलं तर नव्या कायद्याबद्दल सांगा. ते राज्याचं आहे, तुमच्या घरातलं नाही.

सभेत बोलायचं ठरलं तर वेळ तीनेक मिनिटांचा असतो, त्यात हे बसतं: “मी या डिस्ट्रिक्टमधल्या विद्यार्थ्याची आई आहे. आकडे जाहीर करायच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे. तीन गोष्टी त्यात घाला. तिकिटं आणि शाळेतल्या ऑफिसरकडे गेलेल्या बाबी मोजा. प्रत्येक बाबीचं कारण लिहा. आणि लहान गटांची ओळख वजाबाकी करूनही कळणार नाही अशी व्यवस्था करा, वंश आणि इयत्ता एका तक्त्यात घालू नका.” बोलून खाली बसा. ‘तुमच्या मुलाचं असं काही झालंय का?’ असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. माइकपुढे उभं राहणं नकोच वाटलं तर हाच मजकूर बोर्डाच्या सचिवाला ईमेलने पाठवा आणि तो सदस्यांपर्यंत पोहोचवा असं त्यात लिहा. नावनोंदणीची मुदत अजेंड्यावर दिलेली असते, ती आधी बघून ठेवा.